मुलाखतीची हिशोबपट्टी

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या सायखेड्यात नामवंत माणसं तीन निमित्तांनी येतात. गोदावरीला पूर आला म्हणजे, निवडणूक आली म्हणजे आणि 'खेळ पैठणीचा' ठेवला म्हणजे. पुरात येतात ते मंत्री. निवडणुकीत येतात ते मंत्री होऊ घातलेले. खेळ पैठणीचा ठेवतात तेही मंत्री होऊ घातलेलेच, फक्त त्या दिवशी ते स्वतः कमी बोलतात आणि मालिकेतल्या सुनेला बोलायला लावतात. बायका सुनेला बघायला येतात आणि जाताना तिच्या पाठीमागच्या फ्लेक्सवरचा चेहरा पाठ करून जातात.

या तिन्ही प्रसंगी गाडीतून, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवरून, एक माणूस सगळ्यांच्या आधी उतरतो. दोन हातांत दोन मोबाइल, गळ्यात कुणीही न विचारलेलं ओळखपत्र आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही सगळी गर्दी आपणच गोळा केली आणि आता तीच आपल्याला नको झाली आहे. हा पीआर. माणसाला पीआर म्हणतात, त्याच्या कामाला पीआर म्हणतात आणि काम फत्ते झालं की लोक फोटो बघून म्हणतात, "काय पीआर आहे राव!"

त्याच्या समोर उभा असतो आमच्यातला कुणीतरी वार्ताहर. खिशाला पेन, मोटारसायकलवर 'प्रेस', आणि डोक्यात दोन चिंता. बातमी सहाच्या आत गेली पाहिजे आणि जाहिरातीचे पैसे आजच हातात पडले पाहिजेत. दोघं एकमेकांना 'सर' म्हणतात. ज्या धंद्यात दोन्ही बाजू एकमेकांना सर म्हणतात, तिथं खरा साहेब तिसराच असतो, हे अनुभवी माणसाला सांगावं लागत नाही.

या नात्याचा उलगडा व्हावा म्हणून मुंबईला जायची गरज नाही. पिंपळगाव बाजार समितीच्या आमच्या सायखेडा उपबाजारात तासभर उभं राहिलं तरी पुरे. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत लागलेले असतात. व्यापारी पुढं येतो, वरचे चार कांदे उचलतो, दाबतो, मग ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला माल वर काढतो. वर गोलगरगरीत, आत बारकी गोल्टी, हा प्रकार त्याला माहीत असतो. आणि शेतकरी व व्यापारी या दोघांच्या मध्ये अडत्या असतो. माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही, पण त्याच्या मानेच्या होकाराशिवाय गोणी हलत नाही.

मुलाखतीत नटी हा माल, पत्रकार हा व्यापारी आणि पीआर हा अडत्या. फरक एवढाच, की बाजार समितीत हात आत घालायची परवानगी आहे. मुलाखत म्हणजे नुसत्या वरच्या थराचा लिलाव, आणि कुणी हात आत खुपसू नये एवढ्यासाठीच पीआरला पगार मिळतो. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! लिलाव बंद पडले, बैठका झाल्या, अडत कुणी भरायची यावर गावोगावचे पार तापले. मुलाखतीच्या बाजारात हा वाद कधी पेटलाच नाही. कारण तिथली अडत नटीही भरत नाही आणि पत्रकारही भरत नाही. ती वाचक भरतो, आणि त्याला पावतीसुद्धा मिळत नाही.

मोठ्या शहरात हा लिलाव पंचतारांकित हॉटेलात होतो. एका खोलीत सिनेमाचं पोस्टर, त्यापुढं खुर्ची, खुर्चीत नट. बाहेर पत्रकारांची रांग. एकेकाला मोजून काही मिनिटं. नट सकाळपासून तेच उत्तर देतो आणि प्रत्येक वेळी आधी थोडा विचार करतो. या विचार करण्याचेच त्याला पैसे मिळतात, कारण उत्तर तर पाठच असतं. १९९९ च्या 'नॉटिंग हिल' या इंग्रजी सिनेमात नायिकेला भेटायला गेलेला एक पुस्तकविक्रेता अशाच रांगेत सापडतो. आपण कुठल्या मासिकाचे, असं विचारल्यावर तो गडबडीत समोर दिसलेल्या, घोडे आणि शिकारी कुत्र्यांवरच्या मासिकाचं नाव ठोकून देतो. मग अंतराळावरच्या सिनेमाबद्दल त्याला 'यात घोडे आहेत का' असं विचारावं लागतं. थिएटरात लोक खो खो हसतात. आमच्या गोदाकाठच्या वार्ताहरांना त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. आमचे कायमचे विषय म्हणजे कांदा, द्राक्षं, उसातला बिबट्या आणि धरणाचा विसर्ग. नटी समोर आली तर आम्हीही घोड्यांबद्दलच विचारणार.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. मराठी मालिकेतली मराठी नायिका मराठी गावात येणार, पण मेसेज इंग्रजीत. त्याचा मथितार्थ असा: प्रश्न आधी पाठवावेत. खासगी प्रश्न नकोत. लग्नाचं विचारू नये, वयाचं विचारू नये, आधीची मालिका का सोडली हे विचारू नये, आधीच्या मालिकेतल्या नायकाचं नावही घेऊ नये. राजकारण नको, धर्म नको, समाजमाध्यमांवरचा वाद नको. बाकी काहीही मोकळेपणानं विचारा! आता उरलं काय? 'भूमिका कशी वाटली' आणि 'आमच्याकडं येऊन कसं वाटलं'. हे दोनच प्रश्न पीआरच्या चाळणीतून खाली पडतात आणि तेच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो आहोत.

कुणाला वाटेल, पत्रकारानं हे ऐकून का घ्यावं? ऐकून घ्यावं लागतं, कारण पीआरच्या हाती यादी असते. एका नटीला नको तो प्रश्न विचारला, की तिच्याबरोबर त्या यादीतली बाकीची मंडळीही आपल्याला दुरावतात. पुढच्या वेळी फोन केला तर 'सर, स्लॉट फुल आहेत' असं इतक्या गोड आवाजात सांगतात, की आपणच आभार मानून फोन ठेवतो. पत्रकाराकडंही हत्यारं आहेत, नाही असं नाही. मथळा त्याच्या हाती, निदान त्याच्या डेस्कच्या हाती. फोटो कुठला वापरायचा, डोळे उघडे असलेला की जांभई देतानाचा, हेही तिथंच ठरतं. आणि अगदीच जिवावर बेतलं तर 'सूत्रांकडून समजते' आहेच. थोडक्यात, दोघांच्या खिशात एकमेकांसाठी चिमटा आहे आणि म्हणूनच दोघं एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागतात. मुंबईच्या विमानतळावर तर हा सभ्यपणा कळसाला पोहोचतो. तारका टोपी पुढं ओढून, तोंड लपवत, छायाचित्रकारांच्या घोळक्यातून वाट काढते आणि त्या छायाचित्रकारांना तिच्या विमानाची वेळ तिच्याच पीआरनं कळवलेली असते.

तर एकदा असाच खेळ पैठणीचा होता. मुलाखत आयोजकांच्या बंगल्यात, वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये. चादर इतकी नवी, की तिच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. नायिका पलंगावर, आम्ही खाली गालिच्यावर. पीआर दाराशी उभा राहून म्हणाला, "ओके, फाइव्ह मिनिट्स. सगळ्यांनी एकत्रच विचारा. राउंड टेबल आहे." टेबल गोल नव्हतं, कारण टेबलच नव्हतं.

आमच्यातले ज्येष्ठ वार्ताहर, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांनी घसा खाकरून सुरुवात केली. "ताई, सायखेड्यात आल्यावर कसं वाटतंय?"

"खूप छान! इथली माणसं खूप प्रेमळ आहेत."

ताई चांदोरीकडून पूल ओलांडून, काचा बंद करून, थेट बंगल्याच्या पोर्चमध्ये उतरल्या होत्या. सायखेड्यातला जो एकमेव माणूस त्यांना भेटला होता, तो दार उघडणारा वॉचमन, आणि तो ओझरचा होता. पण उत्तर उतरवून घेतलं.

"भूमिकेबद्दल काय सांगाल?"

"खूप आव्हानात्मक आहे. खूप शिकायला मिळतंय. आणि आमची सगळी टीम म्हणजे एक कुटुंबच आहे."

ज्या मालिकेत मोठी जाऊ धाकटीच्या खिरीत दर पंधरवड्याला काहीतरी कालवते, त्या मालिकेच्या टीमला कुटुंब म्हणायला धीर लागतो. तेही उतरवून घेतलं.

मग आमच्यातल्या सगळ्यात धाकट्यानं, ज्याला अजून जाहिराती गोळा कराव्या लागत नाहीत त्यानं, विचारलं, "मॅडम, कांद्याच्या भावाबद्दल तुमचं मत काय?"

दारातून हात वर झाला. "नो पॉलिटिकल क्वेश्चन्स, प्लीज."

"कांदा पॉलिटिकल आहे?" पोरगं खरोखरच गोंधळलं.

"मग काय तर!" नाना खालच्या आवाजात म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली दिल्लीतलं सरकार गेलं त्याच्यापायी. तू नव्हतास तेव्हा."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. हा आवाज वेगळा होता, मालिकेतला नव्हता. "अहो, विचारू द्या की त्यांना. आमचाही कांदाच आहे घरी. यंदा निम्मा कांदाचाळीतच सडला. बाबा म्हणतात, तू टीव्हीवर इतकी रडतेस, त्यातले दोन एपिसोड आमच्यासाठी रड. खताचं बिल गेल्या साली मीच भरलं."

खोलीत पहिल्यांदाच पेनं कागदावर धावली. धाकट्यानं तर वहीचं पान उलटलं. पीआरनं दोन्ही मोबाइल एका हातात घेतले आणि रिकामा झालेला हात हलवत म्हणाला, "हे ऑफ द रेकॉर्ड हां, सर! चला, लास्ट क्वेश्चन."

शेवटचा प्रश्न नानांनी विचारला. "ताई, पैठणी नेसायला आवडते का?"

आवडते, असं उत्तर मिळालं.

जिना उतरताना पीआर मागून धावत आला आणि त्या दिवसातलं पहिलं मनापासूनचं मराठी वाक्य बोलला. "भाऊ, ते कांद्याचं नका ना घेऊ. चॅनेलच्या करारात आहे, असल्या विषयांवर बोलायचं नाही म्हणून. त्यांना काही होणार नाही, माझी नोकरी जाईल." पोरगा अकोल्याकडचा निघाला. घरी तुरीचं वावर. पत्रकारितेची पदविका घेतलेली, एका दैनिकात उमेदवारीही केलेली, तिथं पगार वेळेवर होईना म्हणून इकडं आलेला. पहाटे नटीला उठवण्यापासून रात्री तिच्याबद्दल वाईट लिहिणाऱ्याच्या हातापाया पडण्यापर्यंत सगळं त्याच्याकडं. नटी उशिरा आली की आयोजक त्याला झापतात, मुलाखत लांबली की नटी त्याला झापते, मुलाखत छापून आली नाही की चॅनेल झापतं, आणि छापून आली की 'फोटो लहान का' म्हणून सगळे मिळून झापतात.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली. सगळ्यांत माणसं प्रेमळ होती, भूमिका आव्हानात्मक होती आणि टीम कुटुंब होती. पहिल्या परिच्छेदातला स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला होता, तोही सगळीकडं एकाच जागी. कांदा कुठंच नव्हता. त्याचं कारण पीआरची नोकरी एवढंच नव्हतं. त्याच अंकात, त्याच पानावर, खाली आयोजकांची अर्ध्या पानाची शुभेच्छा होती. ग्रामीण वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनात महिन्याचं पेट्रोलही निघत नाही. त्याचं घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर आणि पहाटेच्या पेपर एजन्सीवर. म्हणजे सोमवारी ज्या पुढारी भाऊंना रस्त्याच्या खड्ड्याबद्दल जाब विचारायचा, मंगळवारी त्याच भाऊंकडं वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचं. बुधवारी भाऊंचा मीडिया सेल प्रेस नोट पाठवतो. त्यात खड्डा बुजवल्याबद्दल भाऊंचं कौतुक असतं आणि खाली 'यावेळी उपस्थित होते' म्हणून तीस नावं असतात. ही नावं कापायची नाहीत. एकेक नाव म्हणजे एकेक अंकाची विक्री. ज्याचं नाव 'आदी'मध्ये गेलं, तो पुढं वर्षभर वार्ताहराला रामराम करत नाही.

आणि ६ जानेवारीला पत्रकार दिन. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. त्यांच्या स्मरणार्थ भाऊ आम्हा पत्रकारांना बोलावतात, निर्भीडपणाचं महत्त्व सांगतात आणि डायरी, पेन, शाल देतात. डायरीच्या पहिल्या पानावर भाऊंचा फोटो असतो. आरसा दाखवणाऱ्यांचा सत्कार असा होतो, की आरसा उघडला तरी त्यात भाऊच दिसावेत.

हे सगळं आजकालच बिघडलंय असं म्हणायची सोय नाही. आमच्या जिल्ह्याचाच दाखला घ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. पण सहा-सहा तास नाटकं बघायची सवय असलेल्या प्रेक्षकाला इतक्या कमी वेळाच्या खेळासाठी पैसे देणं पटेना. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, की हे चित्र सत्तावन्न हजार छायाचित्रांचं आहे, दोन मैल लांब आहे आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत! कथा नाही, अभिनय नाही, थेट लांबी. मैलावर सिनेमा विकणाऱ्या या माणसाला पीआर शिकवायला कुणी गेलं नव्हतं. त्या सिनेमातली तारामती म्हणजे उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. बायका काम करायला मिळाल्या नाहीत म्हणून साळुंके उभे राहिले. आजची पीआर एजन्सी असती तर नायिकेच्या मुलाखतीआधी मेसेज आला असता: दाढीमिशीवर प्रश्न नकोत.

पुढं सिनेमाचा पसारा वाढला तरी बराच काळ पत्रकार कुठं संपतो आणि प्रसिद्धीवाला कुठं सुरू होतो, हे कळत नसे. ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये पत्रकार होते आणि १९३६ मध्ये बॉम्बे टॉकीजचं प्रसिद्धीचं कामही करत होते. म्हणजे पीआरनं 'सर, जरा चांगलं लिहा' म्हणायचं तर ते आरशात बघून म्हणावं लागलं असतं. पुढं हेच अब्बास आणि आपले मराठी व्ही. पी. साठे, जे स्वतः प्रसिद्धी व्यवसायातले, या दोघांनी मिळून राज कपूरच्या 'आवारा'ची कथा लिहिली. पत्रकार आणि प्रसिद्धीवाला एकत्र बसले की त्यातून नेहमी प्रेस नोटच निघते असं नाही, कधी 'आवारा'ही निघतो. मात्र त्यासाठी दोघांनाही लिहिता यावं लागतं.

दुसऱ्या टोकाला बाबूराव पटेल. १९३५ पासून त्यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकात भल्याभल्यांची सालं निघायची. अभिनेत्री शांता आपट्यांबद्दल त्यांनी असं काही लिहिलं, की बाई छडी घेऊन त्यांच्या कचेरीत गेल्या, अशी आख्यायिका अजून सांगतात. याच शांताबाई १९३९ साली कराराच्या भांडणात प्रभात कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या होत्या, आणि १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्याचं बिंग स्वतःच फोडलं. मध्ये पीआर नाही, मॅनेजर नाही, 'ऑफ द रेकॉर्ड' नाही. त्यांची मुलाखत घ्यायची म्हणजे आधी त्यांनी प्रश्नांची यादी मागायची नव्हे, तर आधी पत्रकारानं विमा काढायला हवा होता.

नंतर अबोल्याचाही जमाना आला. आणीबाणीच्या काळापासून पुढं बरीच वर्षं अमिताभ बच्चन आणि सिनेमासिकं यांची बोलचाल बंद होती. ती त्याला छापेनात, तो त्यांना भेटेना. पण सिनेमे धो धो चालत राहिले आणि मासिकंही खपत राहिली. दोघांनाही एकमेकांवाचून काही अडत नाही, हे असं उघड सिद्ध होणं मधल्या माणसाच्या पोटावर पाय देणारं होतं. मला वाटतं, पीआरच्या धंद्याला खरी बरकत आली ती असं पुन्हा होऊ नये म्हणूनच.

सिनेमावाल्यांनी जे हळूहळू शिकून घेतलं, ते राजकारण्यांनी एका झटक्यात उचललं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात गंगापूर-दारणा धरणांचं पाणी सायखेडा-चांदोरीत घुसलं. पानवेली येऊन पुलाला अडकल्या, दुकानांत पाणी, घरांत पाणी. पूर आला की पाहणी दौरे येतात आणि प्रत्येक दौऱ्याबरोबर छायाचित्रकार आणि पीआर येतात. पाणी ओसरायच्या आत पोहोचायचं असतं. कोरड्या पुराची पाहणी फोटोत दिसत नाही. "साहेब, एक पाऊल पुढं. इथं पाणी घोट्याच्या खाली दिसतंय." साहेब एक पाऊल पुढं जातात. पूरग्रस्त आजीच्या खांद्यावर हात ठेवतात. आजीला वाटतं, हा हात आता काहीतरी देईल. तो फक्त फोटो होईपर्यंत तिथं असतो. पत्रकार विचारतो, पानवेलींचा बंदोबस्त दरवर्षी आधी का होत नाही? पीआर म्हणतो, "साहेब फक्त दौऱ्याबद्दल बोलतील." म्हणजे भूमिका कशी वाटली आणि इथं येऊन कसं वाटलं. फिरून तेच दोन प्रश्न!

यातही कष्ट वाचवायची युक्ती निघाली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यातल्या निरनिराळ्या वर्तमानपत्रांत एकाच नेत्याची स्तुती शब्दाला शब्द जुळेल अशी छापून आली. पत्रकार पी. साईनाथांनी ती पानं शेजारी शेजारी मांडून दाखवली, 'पेड न्यूज'चा बोभाटा झाला आणि प्रेस कौन्सिलनं त्यावर अहवाल केला. मोठमोठ्या संपादकांना धक्का बसला म्हणे. आमच्या नानांना फक्त एकाच गोष्टीचं नवल वाटलं: एवढ्या मोठ्या पेपरांनी मजकुरातला निदान स्वल्पविराम तरी हलवायला नको का?

या सगळ्यात आमच्या तालुक्यात एक खरा तारा आहे, ज्याला पीआर नाही. कांदा. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत त्यानं प्रचार केला, १९९८ मध्ये दिल्लीत सत्तांतर घडवलं. किरकोळ बाजारात भाव चढला, की दिल्ली-मुंबईची सगळी चॅनेलं लासलगावला ओबी व्हॅन घेऊन हजर. 'कांद्यानं रडवलं' हा मथळा तर इतका वापरून झालाय, की त्याची आता पेन्शन सुरू व्हायला हवी. भाव पडला की मात्र व्हॅन दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं निर्यातबंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्या मधल्या काळात चाळीत काय झालं, हे विचारायला फारसं कुणी आलं नाही. नटीच्या घरचा माणूस रडला तर कार्यक्रमाचा टीआरपी वाढतो, शेतकरी रडला तर ती 'स्थानिक' बातमी होते, आणि स्थानिक बातमी आतल्या पानावर जाते, जिथं जाहिरात नसेल तेवढ्या जागेत. कांद्याला एक बरा पीआर असता, तर त्यानं पहिली अट हीच घातली असती: भाव चढल्यावर भेट हवी असेल, तर भाव पडल्यावरही यावं लागेल. नाहीतर स्लॉट फुल आहेत.

आता काळ आणखी बदलतोय. गोदाकाठची पोरं चाळीत उभी राहून स्वतःच रील करतात. प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, अडत्या नाही. नट्याही सकाळच्या चहापासून रात्रीच्या क्रीमपर्यंत स्वतःच सगळं दाखवतात. 'खासगी प्रश्न नको' म्हणणाऱ्या पीआरची पंचाईत अशी, की त्यानं जे लपवायचं ते नटीनं आधीच टाकलेलं असतं, आणि पत्रकाराची पंचाईत अशी, की त्यानं जे खोदून काढायचं त्याला आधीच लाखभर लाइक मिळालेले असतात. आमचे नाना पत्रकारितेतून निवृत्त होऊन इच्छुकांचे मीडिया सल्लागार झाले. प्रेस नोट लिहितात, मग जुन्या सवयीनं 'यात बातमी कुठं आहे?' असं स्वतःलाच विचारतात आणि तशीच आम्हाला पाठवून देतात. आणि तो अकोल्याचा पोरगा एका मोठ्या पीआर कंपनीत वर चढला. त्याच्या हाताखाली आता चार जण आहेत, चौघेही पूर्वी पत्रकार होते. बंगल्याच्या जिन्यात दोन बाजूंना उभी असलेली माणसं शेवटी एकाच कंपनीत भेटतात, फक्त पगाराची तारीख बदलते.

म्हणून पत्रकाराला विकला गेलेला आणि पीआरला गळा दाबणारा म्हणणं मला पटत नाही. दोघंही पोटासाठी उन्हात उभे आहेत. तक्रार आहे ती फक्त पावतीची. आमच्या बाजारात शेतकऱ्याला हिशोबपट्टी मिळते. वजन किती, भाव किती, कपात कशाची, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. पटो न पटो, निदान कुठं किती कापलं हे कळतं. वाचकालाही तशी पट्टी मिळावी. प्रत्येक मुलाखतीच्या खाली, चौकटीत, बारीक टाइपात. नमुना म्हणून मी एक करून ठेवली आहे:

मुलाखतीला दिलेला वेळ: पाच मिनिटं. वजा, फोटोसाठी: दोन मिनिटं. मंजूर झालेले प्रश्न: तीन. अडवलेले: एक. याआधी इतरत्र छापून आलेली उत्तरं: मंजूर प्रश्नांइतकीच. गोल्टी: 'आव्हानात्मक', 'खूप शिकायला मिळालं', 'कुटुंबच'. एक नंबर माल: कांद्यावरचं उत्तर, ऑफ द रेकॉर्ड, चाळीतच राहिलं. याच पानावर आयोजकांची जाहिरात: अर्धं पान. हमाली वार्ताहराची, तोलाई डेस्कची, अडत वाचकाच्या खाती जमा.

संपादकांना पाठवण्याआधी ही कल्पना मी त्या अकोल्याच्या पोराला व्हॉट्सॲपवर कळवली. नातं आता चांगलं आहे आमचं, एकमेकांना अजून सर म्हणतो. मिनिटभरात उत्तर आलं: "भारी आयडिया आहे, सर! नक्की करा. फक्त छापायच्या आधी एकदा मला दाखवाल का?"